सायकल? पैसे कमी पडतायत का?

"मी सायकल घेतेय," मी रात्री जेवताना जाहीर केलं.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्याकडे हा भलताच सिरियस प्रकार आहे. भारत-पाकिस्तान मॅचलाही आवाज कमी होत नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "का गं? पैसे कमी पडतायत का?"

आता हा प्रश्न फ्रीलान्सरला विचारायचा म्हणजे जखमेवर मीठच! तीन महिन्यांपूर्वी छापून आलेल्या लेखाचे पैसे अजून 'प्रोसेस'मध्ये आहेत, त्यामुळे टेक्निकली उत्तर 'हो' असंच होतं. पण सायकल त्यासाठी नव्हती. रोज सकाळी स्कूटरवर बसून, तोंडाला स्कार्फ गुंडाळून, नळस्टॉपच्या सिग्नलला पुढच्या टेम्पोचा धूर खात उभं राहायचा मला जाम कंटाळा आला होता. शिवाय दिवसभर लॅपटॉपसमोर बसून पाठीचा पार चुथडा झालेला. जिमचे वर्षाचे पैसे भरून मी एकूण अकरा दिवस गेले होते. (हो, मोजलेत!) म्हटलं, जायचंच आहे तर जाता जाता व्यायाम होऊ दे.

हे सगळं मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला. त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला पुढे आठ महिने लागले.

माझी पहिली चूक : अठरा हजारांची

दुसऱ्या दिवशी मी ते केलं, जे आपण सगळेच करतो. ज्याला त्यातलं सगळ्यात जास्त कळतं असं वाटतं, त्या मित्राला फोन! माझा हा मित्र रविवारी पहाटे सिंहगड चढवतो, म्हणजे सायकलवरून. तो म्हणाला, "माउंटन बाइकच घे. पुण्याचे रस्ते बघतेस ना?" लॉजिक पटलं. मॉलमधल्या एका चकाचक शोरूममध्ये गेलो आणि तासाभरात मी साडेसतरा हजारांची सायकल घेऊन बाहेर पडले. एकवीस गिअर, पुढे सस्पेन्शन, ट्रॅक्टरसारखे जाड टायर, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, रंग मॅट ब्लॅक. फोटो असला सॉलिड आला की दोनशेच्या वर लाइक्स पडले.

पहिल्या दिवशी डहाणूकर कॉलनीतून निघून कोरेगाव पार्कातल्या ऑफिसला पोचायला मला एक तास दहा मिनिटं लागली. अंतर साधारण अकरा किलोमीटर. त्या जाड, खाचाखाचांच्या टायरने डांबराला असं काही धरून ठेवलं होतं की कोणीतरी मागून ओढतंय असं वाटावं. प्रत्येक पायडलला पुढचं सस्पेन्शन खाली-वर. म्हणजे माझी निम्मी ताकद सायकल पुढे नेण्यात आणि निम्मी तिला झोका देण्यात! लॅपटॉपची सॅक पाठीवर, त्यामुळे पाठ घामाने चिंब. सायकलला स्टँड नव्हता, म्हणून ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती भिंतीला टेकवून ठेवली. संध्याकाळी पाहते तर ती एका बुलेटच्या अंगावर रेलून पडलेली.

आणि मग जून उजाडला. त्या सायकलला मडगार्ड नव्हते. पहिल्या पावसात मी पांढरा कुर्ता घालून एका मुलाखतीला गेले. समोरच्या बाई अतिशय सभ्य होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. निघताना मात्र म्हणाल्या, "पाठीमागे जरा… काहीतरी लागलंय." कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ. जणू कोणी ब्रशने मारलेली!

जुलैपर्यंत ती सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये जिन्याखाली गेली. दिवाळीपर्यंत दोन्ही चाकांतली हवा गेली. शेवटी एका इंजिनिअरिंगच्या मुलाला ती आठ हजारांना विकली. साडेनऊ हजारांचं ज्ञान मिळालं. असो.

'लायसन आहे का?'

सायकल विकली त्या दिवशी बाबा पहिल्यांदा त्या विषयावर बोलले. "तुला कोणी विचारलं का, की सायकल कशाला पाहिजे? डोंगर चढायला की कामावर जायला?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मग ते दुकान नव्हतं."

इथे थोडा फ्लॅशबॅक. बाबा पंधरा वर्षं कसब्यातून खडकीच्या कारखान्यात सायकलने जायचे. तेव्हा पुण्याला 'सायकलींचं शहर' म्हणायचे आणि ते काही टुरिझमवाल्यांनी दिलेलं नाव नव्हतं. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढाच बाहेर पडायचा, चालत रस्ता ओलांडणाऱ्याने तो संपेपर्यंत उभं राहायचं. बाबांच्या लहानपणी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसेल तर पोलिस पकडायचा, डबलसीट दिसलात तर पकडायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं. त्यांच्याकडची लहान सायकल घेऊन पोरं आधी दांडीखालून पाय घालून शिकायची, मग दांडीवर, मग सीटवर. म्हणजे प्रमोशनच! तो जमाना डोळ्यांनी बघायचा असेल तर कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी उभं केलेलं सायकलींचं संग्रहालय आहे, २०१७ मध्ये सुरू झालेलं. मी गेले होते. कार्बाइडचे दिवे, दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल… संध्याकाळ कशी गेली कळलं नाही.

बाबांची सायकल अ‍ॅटलस होती. काळी, दणकट, मागे मोठं कॅरिअर. १९९९ मध्ये, मी दोन वर्षांची असताना, त्यांनी हप्त्यावर स्कूटर घेतली आणि अ‍ॅटलस पेपरवाल्याला देऊन टाकली. ती सायकल बनवणाऱ्या कंपनीचा दिल्लीजवळच्या साहिबाबादमधला कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. मी ही बातमी बाबांना वाचून दाखवली तेव्हाही ते 'बरं' एवढंच म्हणाले होते.

तर मुद्दा असा की, घरात पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस बसलेला असताना मी मॉलमध्ये गेले होते!

दुकानात बाबा

दुसऱ्या खेपेला आम्ही पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. एसी नाही, छताला सायकली टांगलेल्या, जमिनीवर ऑइलचे डाग. दुकानदारकाकांनी मला आधी वरपासून खालपर्यंत बघितलं (उंचीसाठी हो!) आणि पाठोपाठ पाच प्रश्न विचारले. किती किलोमीटर? रस्त्यात चढ कुठे? बॅग किती जड? सायकल रात्री कुठे ठेवणार? पावसाळ्यात चालवणार का? किंमत किती परवडेल, हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

माझी उंची पाच फूट तीन इंच. पहिली सायकल माझ्यासाठी मोठीच होती, हे मला तिथे कळलं. दांडी मध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहायचं. दांडी आणि आपण यांच्यामध्ये एक-दोन इंच मोकळी जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल सगळ्यात खाली न्यायचं. गुडघा अगदी सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. प्रत्यक्ष चालवताना आपण चवड्याने पायडल मारतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप हलकासा बाक राहतो. आपल्याकडे नव्वद टक्के लोक सीट खूप खाली ठेवतात, असा काकांचा दावा. आणि मग महिन्याभरात "गुडघे दुखतात" म्हणून सायकल बंद! काकांनी माझी सीट बसवली आणि दांडीवर जिथे ती आली तिथे लाल इन्शुलेशन टेपचा एक वेढा दिला. "कोणी वरखाली केली तर परत इथेच आणायची."

बाबा तोवर सायकलीच बघत होते. त्यांनी पुढचं चाक उचलून फिरवलं आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा नेला. "आउट आहे थोडं," ते म्हणाले. काकांनी चाकाकडे बघितलं, मग बाबांकडे बघितलं. "किती वर्षं चालवलीत?" "पंधरा." त्यानंतर मला दुकानात कोणी काही विचारलं नाही. दोघंच बोलत होते. काकांनी स्पोक आवळून चाक सरळ केलं, बाबांनी पुन्हा फिरवून बघितलं, मान डोलावली.

शेवटी जी घेतली ती दिसायला एकदम साधी. पुढे सस्पेन्शन नाही. टायर गुळगुळीत, मध्यम रुंदीचे. मागे सात गिअर, पुढे एकच चक्र. अख्खे मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर. घंटी मात्र मोठी, पितळी आवाजाची. बाबांनी ती दोनदा वाजवून बघितली आणि हसले. बऱ्याच दिवसांनी!

खिशाचं काय?

हिशेब उघडाच मांडते, कारण या विषयावर सगळे गोल गोल बोलतात. सायकल चौदा हजार दोनशे. कुलूप नऊशे. पुढचा-मागचा दिवा मिळून अकराशे. हेल्मेट पंधराशे. घरी हवा भरायचा पंप सहाशे. एकूण अठरा हजार तीनशे. (एक चांगली बातमी : २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय.)

आठवड्यातले तीन-चार दिवस मी सायकलने जाते. पेट्रोलचे महिन्याला सहाशे-सातशे वाचतात. म्हणजे सायकलचे पैसे वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त लागणार. त्यामुळे 'सायकल घ्या, पैसे वाचवा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. आणि स्कूटरही मी विकलेली नाही. रात्री उशिराची असाइनमेंट असेल, धो धो पाऊस असेल, आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर किल्ली तिचीच.

वेळेचं म्हणाल तर नव्या सायकलने मला पन्नास मिनिटं लागतात. नऊच्या गर्दीत स्कूटरने चाळीस. फरक फक्त दहा मिनिटांचा! यावर माझ्या ऑफिसातल्या एकाचाही विश्वास बसत नाही.

घ्यायला निघालात? मग हे बघाच

• आधी रस्ता, मग सायकल. रोज जायचा रस्ता एकदा रविवारी सकाळी सायकल भाड्याने किंवा मित्राची घेऊन पार करा. चढ कुठे आहेत ते स्कूटरवर कळत नाही, सायकलवर लगेच कळतं.

• जाड टायर आणि सस्पेन्शन विसरा. शहरातल्या डांबरी रस्त्याला मध्यम रुंदीचे, गुळगुळीत टायर पुरतात. किती हवा भरायची ते टायरच्या कडेलाच छापलेलं असतं. आठवड्यातून एकदा भरा. अर्धे पंक्चर कमी हवेमुळेच होतात, असं आमचे काका म्हणतात.

• एकवीस गिअर कशाला? सपाट रस्ता असेल तर बिनगिअरची सायकलही चालते. पाषाण, बावधन, कात्रजकडे राहत असाल तर मागचे सात-आठ पुरेत. जितके पार्ट जास्त, तितकी दुकानाची वारी जास्त.

• साधे ब्रेक चांगले. स्वस्तातले डिस्क ब्रेक घासत राहतात. रिमला लागणाऱ्या ब्रेकची रबरं कुठल्याही कोपऱ्यावरचा सायकलवाला दहा मिनिटांत बदलून देतो.

• मडगार्ड, कॅरिअर, स्टँड बिलात आधीच धरा. बॅग पाठीवर नको, कॅरिअरवर हवी. पाठ कोरडी राहते आणि कलीग्जही जवळ बसतात!

• कुलूप फ्रेम आणि चाक दोन्हीतून, आणि जमिनीत रोवलेल्या एखाद्या गजाला. नुसतं चाकाला लावलेलं कुलूप म्हणजे चोराने सायकल उचलून न्यायची.

• दिवे संध्याकाळी सहाला घरी येणार असलात तरी घ्या. मागचा लाल दिवा आपल्याला दिसण्यासाठी नसतो, आपण दिसण्यासाठी असतो.

• टेस्ट राइड दुकानासमोरच्या गल्लीत नाही, किमान एक किलोमीटरची. महिन्याभराने एकदा फ्री सर्व्हिसिंगला नक्की न्या. नव्या सायकलच्या तारा आणि स्पोक सुरुवातीला सैलावतातच.

केवढ्याला पडली?

आता रस्त्याबद्दल. आपल्या शहरात सायकलसाठी कागदावर खूप काही झालंय. २००६-०७ मध्ये बीआरटीबरोबर सातारा रस्त्याला सायकल ट्रॅक आले. डिसेंबर २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्यात आठशेहून जास्त किलोमीटरचं जाळं होतं. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या, अ‍ॅपवर उघडणाऱ्या सायकली आल्या. मी तेव्हा कॉलेजात. पिवळ्या, केशरी, निळ्या सायकली, रुपया-दोन रुपयांत अर्धा तास! आम्ही अक्षरशः टाइमपास म्हणून चालवायचो. दोन-तीन वर्षांत त्या गेल्याही. काही नदीत सापडल्या, काही लोकांच्या जिन्यांत कुलूप लावलेल्या.

माझा रोजचा रस्ता म्हणजे कर्वे रोड, जाताना फर्ग्युसन रस्ता, येताना जंगली महाराज. रानडे इन्स्टिट्यूटवरून जाताना अजूनही छातीत थोडं धस्स होतं, सबमिशन राहिलंय असं वाटतं. जंगली महाराज रस्त्यावर छान रुंद फुटपाथ आहे, सायकलसाठी पट्टा आहे. त्यावर स्कूटरी आहेत. तसं बघायला गेलं तर त्याही दुचाकीच!

सकाळी सव्वासातला निघालं की रस्त्यावर दोन प्रकारचे सायकलवाले भेटतात. एक आमच्यासारखे. हेल्मेट, चमकणारे दिवे, पाण्याची बाटली, मनगटावर घड्याळात हार्ट रेट. आणि दुसरे खरे. सिक्युरिटी गार्ड, पेपरवाले, बांधकामावर जाणारी माणसं, डबे पोचवणारे. काळ्या सायकली, हेल्मेट नाही, दिवा नाही, हँडलला जेवणाची पिशवी. आपल्याकडच्या 'सायकल संस्कृती'च्या फोटोंत हे कधीच नसतात.

त्यांतले एक काका मला रोज कर्वे पुतळ्यापाशी भेटायचे. निळा युनिफॉर्म, आठच्या ड्युटीला निघालेले. सिग्नलला शेजारी शेजारी थांबून थांबून ओळख झाली. एके दिवशी त्यांनी माझ्या सायकलवरून नजर फिरवली आणि विचारलं, "ताई, केवढ्याला पडली?"

आणि मी चक्क खोटं बोलले. "सात हजार."

का बोलले, माहीत नाही. किंवा माहीत आहे. चौदा हजार दोनशे हा आकडा तोंडातून निघेना. कदाचित त्यांच्या पगाराच्या आसपासचा असेल, असं वाटलं. त्यांनी मान डोलावली. "आमची दोन हजारात, सेकंडहँड. पण तुमचं मडगार्ड भारी आहे हां." सिग्नल सुटला आणि ते माझ्या पुढे निघून गेले. बिनगिअरचे!

दार उघडलं

जानेवारीतली गोष्ट. कर्वे रोडला कडेला एक कॅब थांबली होती. मी तिच्या अगदी जवळून जात होते आणि आतल्या माणसाने न बघता दार उघडलं. मी दारावर आदळून उजवीकडे, रस्त्यात पडले. मागून बस येत होती. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, म्हणून हे कॉलम तुम्ही वाचताय.

कोपर सोलवटलं, हेल्मेटला तडा गेला, हँडल वाकडं झालं. कॅबमधला माणूस "सॉरी सॉरी" म्हणून फोनवर बोलत निघून गेला. मला उचललं ते निळ्या युनिफॉर्मवाल्या काकांनी. त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. मग माझ्या सायकलचं पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरलं, हँडलला एक हिसका देऊन सरळ केलं आणि चाक फिरवून बघितलं. "आउट नाही," ते म्हणाले. "ताई, उभ्या गाडीपासून हातभर लांब चालवत जा. मागचे हॉर्न मारतात, मारू दे. ते दिसल्यावर मारतात. दार उघडणाऱ्याला आपण दिसतच नाही."

इतक्या ब्लॉग्जमध्ये, व्हिडिओंमध्ये मी गिअर आणि गॉगलबद्दल वाचलं-बघितलं होतं. हे वाक्य मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना त्या दिवशी ड्युटीला उशीर झाला. अर्ध्या दिवसाचा पगार कापला का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

'बरं'चा अर्थ

घरी आईने हळद लावली आणि बाबांनी एकच वाक्य उच्चारलं, "विकून टाक."

मी भांडले. आकडे सांगितले, पर्यावरण सांगितलं, परदेशातली उदाहरणं दिली. मास कॉमची डिग्री अशा वेळी सॉलिड कामाला येते. बाबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी एकदा संगम पुलावर असाच पडलो होतो. पावसात. तू पुढे दांडीवरच्या छोट्या सीटवर होतीस, दीड वर्षाची. तुला काही झालं नाही. त्या रात्री ठरवलं की कर्ज झालं तरी चालेल, पण या घरात आता कोणी सायकलने जाणार नाही. सहा महिन्यांत स्कूटर आणली. आणि तू म्हणतेस, मी सायकल घेतेय. हौसेने!"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. सायकल ही माझी चॉइस आहे, कारण खाली पार्किंगमध्ये स्कूटर उभी आहे. आणि ती स्कूटर मला परवडते कारण बाबांनी पंधरा वर्षं दुसरी चॉइस नसताना पायडल मारलं. त्या निळ्या युनिफॉर्मवाल्या काकांना आजही ती चॉइस नाही. सायकल ट्रॅक मोकळा करा, असं मी आता म्हणते तेव्हा माझ्या हार्ट रेटसाठी म्हणत नाही. मी उद्या पाऊस आला तर स्कूटरने जाईन. त्यांना पावसातही त्याच रस्त्याने जायचंय.

मी बाबांना एवढंच म्हटलं, "हातभर लांब चालवेन." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मी काकांना सिग्नलला खरा आकडा सांगितला. ते हसले. "मला माहीत होतं," म्हणाले. "सात हजारात असली घंटी येत नाही."

सायकल मी विकलेली नाही. नवीन हेल्मेट घेतलंय, तडा गेलेलं पुन्हा वापरायचं नसतं. दर रविवारी बाबा काही न बोलता खाली जाऊन चेनला तेल घालतात. सायकल चालवायचा आग्रह मी त्यांना एकदाही केलेला नाही. पण गेल्या सोमवारी सकाळी खाली गेले आणि सीटवर बसले तर पाय नीट पोचेनात. वाकून बघितलं. लाल टेपचा वेढा सीटच्या खाली चार बोटं अंतरावर होता. बाबा माझ्यापेक्षा बरेच उंच आहेत. आणि कॅरिअरला दुधाची रिकामी पिशवी अडकलेली होती.

मी सीट परत टेपपर्यंत खाली आणली, नट आवळला आणि निघाले. घरात मी याबद्दल काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही.